सोलहून डीएमझेडला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोरियात नोकरीला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी डीएमझेड, म्हणजे दोन्ही कोरियांमधला सीमापट्टा, बघायला निघालो आणि बसच्या दारातून परत आलो. पासपोर्ट खोलीवर होता, फोनमध्ये त्याचा फोटो होता. गाइडबाईंनी फोटो बघितला, मान तिरकी करून "सॉरी" म्हणाल्या आणि सकाळी सात वाजता बस माझ्याशिवाय गेली. पैसेही गेले. चूक सर्वस्वी माझी होती, बुकिंगच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यानंतर दोनदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा कोल्हापूरहून आलेल्या आई-बाबांना घेऊन. त्या दोन खेपांमध्ये जे कळलं ते इथे सांगतो, म्हणजे तुमची बस चुकणार नाही.

१. जाण्याआधी अर्धा तास इतिहासाला द्या

हे टाळू नका. गाइडला बसमध्ये चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली दहा "वेळेवर परत या" सांगण्यात जातात. आधी काहीच माहीत नसेल तर समोर नुसतं रान आणि तारेचं कुंपण दिसतं.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येत होता. त्याच्या ताब्यातल्या कोरियाचं काय करायचं, हे ठरवायला वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकी कर्नल बसले, डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील. त्यांनी मासिकासोबत मिळणारा एक नकाशा पुढे घेतला आणि ३८ अंश अक्षांशावर रेघ ओढली. वर रशियन, खाली अमेरिकन. कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही. २५ जून १९५० ला उत्तरेचं सैन्य ही रेघ ओलांडून खाली आलं आणि तीन दिवसांत सोल पडलं. सप्टेंबरात इंचॉनला संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालचं सैन्य उतरलं आणि पार वरपर्यंत गेलं. मग चीन उतरला. वर्षभरात सोल चार वेळा या हातातून त्या हातात गेलं.

जुलै १९५१ मध्ये बोलणी सुरू झाली आणि दोन वर्षं चालली, लढाई न थांबवता. अडलं होतं ते मुख्यतः युद्धकैद्यांवर: ज्यांना आपल्या देशात परत जायचंच नाही, त्यांचं काय? शेवटी २७ जुलै १९५३ ला सकाळी दहाला पानमुन्जोममध्ये सह्या झाल्या आणि रात्री दहाला तोफा थांबल्या. त्या कागदावर दक्षिण कोरियाची सही नाही. हा तहही नव्हे, नुसता युद्धविराम आहे. सह्या झाल्या तेव्हा फौजा जिथे उभ्या होत्या तिथे नवी रेषा पडली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर सोडले आणि समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे २५० किलोमीटर लांबीचा पट्टा तयार झाला. तोच हा डीएमझेड, म्हणजे निर्लष्करी पट्टा. नावाला हसू नका. पट्ट्याच्या आत अवजड शस्त्रं नाहीत एवढाच त्याचा अर्थ. कुंपणाबाहेर दोन्हीकडे काय आहे ते वाटेत दिसेलच.

आता आपल्याकडच्या वाचकाला माहीत असायला हवी अशी एक गोष्ट. परत न जाणाऱ्या त्या २२ हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळायला भारताचं सैन्य आलं होतं. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आमच्या कोल्हापूरकडचे. कैद्यांचा फैसला करणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके चिडलेले होते, की भारतीय सैनिकाचा पाय दक्षिण कोरियाच्या मातीला लागू देणार नाही म्हणाले. मग आपले जवान इंचॉनच्या समुद्रात जहाजावरून थेट हेलिकॉप्टरने या पट्ट्यात उतरवले गेले! त्यांच्या छावणीचं नाव होतं हिंद नगर. १९५४ च्या सुरुवातीला काम संपलं तेव्हा ना उत्तर, ना दक्षिण, ना चीन, असं म्हणणारे ८८ कैदी आपल्या सैन्याबरोबर भारतात आले. आमच्या दोन्ही दौऱ्यांत गाइडने याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाबा मात्र वाट बघत होते.

२. कुठला दौरा हवा ते ठरवा

"डीएमझेड टूर" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. लोक इथेच फसतात.

पहिली: पाजू भागातला नेहमीचा दौरा. यात इम्जिनगाक बाग, तिसरं भुयार (उत्तरेने दक्षिणेकडे खणलेलं) आणि दोरा वेधशाळा (जिथून दुर्बिणीने उत्तर कोरिया बघतात) असते. ही सगळी ठिकाणं पट्ट्याच्या कडेला आहेत. हा दौरा सोमवार आणि काही सुट्ट्या सोडल्या तर बहुतेक रोज असतो.

दुसरी: जेएसए, म्हणजे पानमुन्जोममधली संयुक्त सुरक्षा जागा. निळ्या बराकी, समोरासमोर उभे सैनिक, ते फोटोतलं दृश्य. हे दौरे परिस्थिती बघून चालू-बंद होतात. जुलै २०२३ मध्ये दौऱ्यात आलेला एक अमेरिकी सैनिक धावत उत्तरेत गेला आणि सगळं बंद पडलं. जाहिरातीत निळ्या बराकींचा फोटो आहे म्हणून त्या दिसतील असं धरू नका. कार्यक्रमात "जेएसए" शब्द आहे का ते वाचा, नसेल तर तो फोटो नुसता फोटो आहे.

माझं मत विचाराल तर जेएसएसाठी अडून बसू नका. तो मिळाला तर सोनं, पण भुयार आणि दोरामधून जे कळतं ते कमी नाही.

३. कागदपत्रं

- मूळ पासपोर्ट. झेरॉक्स चालत नाही, फोटो चालत नाही, आधार कार्ड तर कुणी बघणारही नाही. कोरियात राहत असाल तर परदेशी रहिवासी कार्ड.
- मुलांचेही पासपोर्ट, कडेवरच्या बाळासकट.
- बुकिंग करताना दिलेलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलेलं. आमच्या आईचं पासपोर्टवरचं नाव आणि मी टाइप केलेलं नाव यात एका 'ए'चा फरक होता. गाइडने पेनाने दुरुस्त केलं. जेएसएला असतं तर तिथेच अडकलो असतो.

भारतातून येणार असाल तर आधी कोरियाचा पर्यटक व्हिसा लागतो. अर्ज, फोटो, बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, नोकरीचं पत्र, प्रवासाचा आराखडा. महाराष्ट्रातल्या लोकांचं काम मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातं. विमानाचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा. डीएमझेडला जाऊन आल्याने "देशाबाहेर गेलो" असं होत नाही, त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी काळजी नको. हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला आहे.

४. दिवस निवडताना

सोमवारी भुयार बंद. शनिवार-रविवारी तोबा गर्दी. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. जुलैमध्ये पावसाळा असतो, धुक्यात दोराहून स्वतःचा हात दिसला तरी पुष्कळ. जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश जातो आणि तिथलं वारं कानशिलात मारल्यासारखं लागतं. ऑक्टोबर सगळ्यात चांगला. दूरचं दिसतं आणि डोंगरही रंगलेले असतात.

सीमेवर तणाव वाढला की दौरे आयत्या वेळी रद्द होतात. २०२४ मध्ये उत्तरेकडून कचऱ्याचे फुगे येत होते, इकडून भोंगे वाजत होते, आणि ऑक्टोबरात उत्तरेने दोन्ही देशांना जोडणारे रस्ते सुरुंगाने उडवले. असा काळ असेल तर डीएमझेड प्रवासाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. मध्ये ठेवा, म्हणजे एक दिवस पुढे ढकलता येतो.

५. बुकिंग: सोलहून की स्वतः?

सोलहून अर्ध्या दिवसाचा दौरा साधारण ५० ते ८० हजार वॉनला पडतो. बस म्यंगदोंग, होंगदे किंवा सिटी हॉलजवळून सकाळी लवकर निघते. यातला सापळा म्हणजे दुकान. स्वस्त दौऱ्यांत परतताना जिनसेंगच्या दुकानात थांबवतात. तिथे तासभर मुळांचे गुण ऐकावे लागतात आणि काही न घेता बाहेर पडताना उगाच अपराधी वाटतं. "नो शॉपिंग" लिहिलंय का ते बघा.

स्वतः जायचं तर ग्यंगुई-जुंगांग लाइनने मुन्सान, तिथून पुढे इम्जिनगाक. तिथल्या खिडकीवर भुयार आणि दोराचं बसचं तिकीट मिळतं, बऱ्याच कमी पैशांत. पण तिकिटं मोजकी, आणि पहिल्या येणाऱ्याला पहिलं. टूर कंपन्यांची माणसं पहाटेपासून त्याच रांगेत असतात. सकाळी उशिरा पोचलात तर दुपारची फेरी मिळेल, किंवा तीही नाही. पत्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाका, आपल्या सवयीचा नकाशा इथे चालताना दगा देतो. आई-वडील बरोबर असतील तर सरळ दौरा घ्या. त्यांना पहाटे रांगेत उभं करून वाचवलेले पैसे घरी आल्यावर कुठल्या ना कुठल्या रूपाने फेडावे लागतात.

६. इम्जिनगाक: इथे घाई करू नका

हा पहिला थांबा. इथपर्यंत पासपोर्टशिवायही येता येतं. बहुतेक लोक फिती बांधलेल्या कुंपणापुढे फोटो काढतात, कॉफी घेतात आणि बसमध्ये बसतात. १९५३ मध्ये सुटलेले १२,७७३ कैदी ज्यावरून दक्षिणेत आले तो स्वातंत्र्य पूल इथेच आहे. जवळच मांगबेदान नावाची वेदी आहे. ज्यांचं गाव आणि पूर्वजांची थडगी उत्तरेत राहिली, ती माणसं सणाला इथे येऊन उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करतात. चुसोकला म्हणजे त्यांच्या सुगीच्या सणाला गेलात तर दिसतील. फोटो लांबून काढा, किंवा काढूच नका.

आणि ते इंजिन बघा. गंजून तांबडंलाल झालेलं वाफेचं इंजिन, १९५० च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी जांगदान स्टेशनात उभं राहिलं ते अर्धं शतक पट्ट्यातच पडून होतं. त्याच्यावर गोळ्यांच्या हजारावर खुणा आहेत. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आम्ही पुढे गेलो तरी ते चाकाजवळ वाकून बसलेले. एका भोकात करंगळी घालून म्हणाले, "जवळनं मारल्यात. पळताना मारल्यागत न्हाईत, उभं राहून मारल्यात." त्यांचं बरोबर होतं. मागे हटणाऱ्या सैन्याने इंजिन शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच ते निकामी केलं होतं.

७. पूल आणि तपासणी

इम्जिनगाकनंतर बस तोंगिल पुलावर येते. इथून पुढे नागरी नियंत्रण रेषा, म्हणजे सामान्य माणसाला तपासणीशिवाय पुढे जाता येत नाही. एक कोवळा सैनिक बसमध्ये चढतो आणि प्रत्येकाचा चेहरा पासपोर्टशी ताडून बघतो. गॉगल-टोपी काढा, फोन खाली ठेवा. तपासणीचे आणि लष्करी चौक्यांचे फोटो काढायचे नाहीत. गाइड हे विनोद करत सांगते, पण नियम विनोदी नाही.

याच पुलावरून जून १९९८ मध्ये ह्युंदाईचे संस्थापक चंग जू-युंग ट्रकमध्ये ५०० गुरं घालून उत्तरेत गेले होते. मूळ गाव उत्तरेत. पोरवयात बापाची गाय विकलेले पैसे घेऊन सोलला पळून आले होते. ऑक्टोबरात आणखी ५०१ गुरं नेली. एका गाईच्या हजार गाई झाल्या, व्याजासकट.

८. तिसरं भुयार: गुडघे बघून निर्णय घ्या

उत्तरेने दक्षिणेकडे खणलेली चार भुयारं सापडली: १९७४, १९७५, १९७८ आणि १९९० मध्ये. तिसरं सोलपासून अवघ्या ५२ किलोमीटरवर. एका फितुराने सुगावा दिला होता. दक्षिणेने ओळीने बोअर मारून पाण्याने भरलेले पाइप खाली सोडले आणि वाट बघितली. एके दिवशी एका पाइपातलं पाणी उसळलं. खाली सुरुंग फुटला होता. मग तिथेच खणत गेले. भुयार १,६३५ मीटर लांब, जमिनीखाली ७३ मीटर, आणि त्यातलं ४३५ मीटर दक्षिणेच्या हद्दीत.

फोन आणि पिशव्या लॉकरमध्ये ठेवायच्या, पिवळं हेल्मेट घालायचं. मग ३५८ मीटरचा तिरका उतार. तो दक्षिणेने पर्यटकांसाठी खणलेला, ऐसपैस आहे. जाताना वाटतं, यात काय विशेष! येताना कळतं. दर काही अंतरावर बाक आहेत, त्यावर बसायला संकोच करू नका. दमा, हृदयविकार, रक्तदाब, बंद जागेची भीती यातलं काही असेल तर उतरू नका. छोटी गाडीही आहे, पण ती तुमच्या तिकिटात असेलच असं नाही. आधी विचारून घ्या. आई वरच थांबली. बाबा उतरले आणि वर येताना चार बाकांवर बसले.

मूळ भुयार सुरू होतं तिथे वाकावं लागतं. उंच माणसाचं हेल्मेट दर दहा पावलांना खडकावर आपटतं, आणि पुढच्या-मागच्या सगळ्यांची टकटक ऐकू येत राहते. छतातून पाणी ठिबकतं. भिंतीला काळा थर दिसेल. भुयार सापडल्यावर उत्तरेने आधी "आमचं नाहीच" म्हटलं, मग "कोळशाची खाण आहे" म्हटलं, आणि त्यासाठी भिंतींना कोळशाची पूड फासलेली. खडक मात्र ग्रॅनाइटचा. सुरुंगाची भोकं पिवळ्या रंगाने दाखवली आहेत, त्यांचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा: सगळी दक्षिणेकडे. शेवटी काँक्रीटची भिंत आणि तिला एक लहानशी खिडकी. खिडकीतून आणखी एक भिंत दिसते. एवढंच. मागे रांग असते, त्यामुळे दहा सेकंदांत वळावं लागतं.

९. दोरा वेधशाळा

२०१८ मध्ये उघडलेली नवी इमारत. गच्चीवर दुर्बिणी आहेत. समोर उत्तर कोरिया. डावीकडे-उजवीकडे काय आहे ते आधी आतल्या सभागृहातल्या प्रतिकृतीवर बघून घ्या, नाहीतर गच्चीवर सगळे डोंगर सारखेच.

दोन झेंडे शोधा. दक्षिणेच्या देसोंगदोंग गावचा खांब सुमारे १०० मीटर उंच. उत्तरेच्या किजोंगदोंगचा १६०. आधी इकडे उंच खांब झाला, मग तिकडे त्याहून उंच. देसोंगदोंगमध्ये आजही शेतकरी राहतात, पट्ट्याच्या आत, आणि त्यांना लष्करी सेवा माफ आहे. त्यामागे केसाँग शहर. युद्धाआधी हे दक्षिणेत होतं, युद्धविरामानंतर उत्तरेत गेलं. २००४ ते २०१६ दक्षिणेच्या कंपन्या तिथे कारखाने चालवत होत्या आणि हजारो उत्तर कोरियन कामगार रोज कामाला येत. २०२० च्या जूनमध्ये तिथलं दोन्ही देशांचं संपर्क कार्यालय उत्तरेने उडवून दिलं. आता ओस इमारती दिसतात.

दुर्बिणीत सायकलवरून जाणारा माणूस दिसला की गच्चीवर एकदम आरडाओरडा होतो. मलाही पहिल्यांदा झाला होता आनंद. नंतर थोडं ओशाळल्यासारखं झालं. तो बिचारा बहुधा शेतावर निघाला असेल.

बाबा दुर्बीण सोडेनात. मागे रांग. मी म्हटलं, काय बघताय एवढं? म्हणाले, "हिंद नगर कुठं असंल?" मी गाइडला विचारलं. तिने हाताने पानमुन्जोमच्या बाजूची झाडी दाखवली, "त्या अंगाला कुठेतरी". झाडीच्या वर पांढऱ्या मोठ्या पक्ष्यांची एक रांग जात होती. सत्तर वर्षं माणसाचा पाय फारसा न पडल्यामुळे आणि सुरुंग पेरलेले असल्यामुळे पट्ट्यात रान माजलंय, क्रौंच हिवाळ्याला येतात. बाबांनी त्या झाडीचा एक फोटो काढला. त्यात काहीही दिसत नाही. तो आता आमच्या हॉलमध्ये लावलाय.

१०. जेवण

तोंगिलचोन गावात थांबा असेल तर जांगदानच्या सोयाबीनचे पदार्थ चाखा. तोफू खरंच वेगळा लागतो, सोयाबीनचं आइसक्रीमही बरं. शाकाहारी असाल तर "गोगी प्पेगो जुसेयो", म्हणजे मांस वगळून द्या, एवढं पाठ करा. तरी रश्शात माशाचं पाणी असू शकतं. आईने सरळ डब्यातून धपाटे काढले आणि समोरच्या बाकावरच्या कोरियन आजींनाही एक दिला.

११. जेएसए मिळालाच तर

फाटकी जीन्स, बिनबाह्यांचे कपडे, चपला नकोत. पलीकडच्या सैनिकाकडे बोट दाखवायचं नाही, हात हलवायचा नाही. रांग सोडायची नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये इथे एका पॉप्लरच्या झाडाची फांदी तोडण्यावरून दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना कुऱ्हाडीने मारलं होतं. तोवर दोन्हीकडचे सैनिक या आवारात मोकळे फिरत, त्यानंतर मध्ये काँक्रीटची पट्टी आली. तीच ती पट्टी, जी २०१८ मध्ये किम जोंग-उन आणि मून जे-इन यांनी हातात हात घालून ओलांडली.

१२. पासपोर्ट विसरलात तर

माझ्यासारखं झालं तर दिवस वाया घालवू नका. पाजूतलीच ओदुसान वेधशाळा नियंत्रण रेषेच्या बाहेर आहे. नदीपलीकडे उत्तरेची गावं दिसतात. गिम्पोमधल्या एगीबोंग टेकडीवर तर आता स्टारबक्सही आहे, समोर उत्तर कोरिया ठेवून कॉफी पिता येते. तिथे मात्र वाटेत लष्करी चौकीवर ओळखपत्र बघतात, म्हणून ते पासपोर्ट जवळ असेल त्या दिवसासाठी ठेवा. विचित्र वाटतं, पण खिडकीजवळची जागा सकाळीच भरते.